माहेरच्या नावाचा रकाना

"कॉम्प्युटर नवीन पेशंट म्हणतोय, शांताबाई. जुना केसपेपर शोधत बसू नका," असं सांगून मी इंटरकॉम ठेवला. त्या वाक्याची मला आजही लाज वाटते.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. संगमनेरच्या एका ट्रस्ट हॉस्पिटलमध्ये मी ईडीपी इनचार्ज होतो, म्हणजे कॉम्प्युटरचं सगळं माझ्याकडे. पेशंटचे आजार, तपासण्या, औषधं कागदाऐवजी कॉम्प्युटरवर ठेवायचं ठरलं होतं. तीन कंपन्यांनी डेमो दिले. मी मार्कांचा तक्ता केला: स्पीड, प्रिंट, रिपोर्ट, पेशंट शोधणं. रंगीत स्क्रीनवालं सॉफ्टवेअर पहिलं आलं. जुने केसपेपर त्यात भरून ट्रायल सुरू झाली.

त्या दुपारी लेबर रूममध्ये सुनंदा नावाची बाई आली. दुसरं बाळंतपण, अंगात ताप. कुठल्या औषधाची रिॲक्शन येते का, असं सिस्टरने विचारलं. सुनंदा कळांनी बेजार होती, म्हणून सासूच बोलली, "न्हाई ओ, तिला कायबी हुत न्हाई." डॉक्टरांनी पेनिसिलिन लिहिलं.

शांताबाई आमच्या रेकॉर्ड रूमच्या क्लार्क. त्यांनी इंटरकॉमवरचं माझं सांगणं ऐकलं नाही. त्या थेट लेबर रूममध्ये गेल्या आणि सुनंदाला म्हणाल्या, "माहेर कुठलं गं तुझं? तिथं काय नाव हुतं?"

माहेर जवळचंच, म्हणून पहिलं बाळंतपणही आमच्याच हॉस्पिटलात झालेलं. तिच्या वडिलांनी केसपेपर काढताना आपल्या तोंडातलं नाव सांगितलं होतं: अलका, आणि पुढे स्वतःचं नाव. सासरी ती सुनंदा झाली होती. कॉम्प्युटरला या दोन वेगळ्या बायका. अलकाच्या केसपेपरवर लाल शाईत लिहिलं होतं: पेनिसिलिन देऊ नये. शांताबाई तो घेऊन धावत आल्या, तेव्हा सिस्टर सिरिंज भरत होती.

औषध बदललं. संध्याकाळी सुनंदाला मुलगी झाली. दोघी सुखरूप.

मी मोठ्या डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेलो.

"सर, पेशंट शोधण्याला मी दहापैकी दहा दिले, ते न तपासता. कंपनीच्या माणसाने स्वतःच भरलेली नावं स्वतःच शोधून दाखवली आणि मी खूश झालो."

"मग आता मार्क कोण देणार?"

"शांताबाई."

"त्यांना कॉम्प्युटर येतो?"

"नाही सर. पण मला केसपेपर येत नाहीत."

मार्कांचा नवा तक्ता शांताबाईंनी ठरवला आणि पुन्हा डेमो झाले. शांताबाई काखेत केसपेपरचा गठ्ठा घेऊन बसल्या. रंगीत स्क्रीनवाला म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे एका पेशंटला एकच नाव असतं."

"मंग तुमच्या गावात पोरींची लग्नं होत न्हाईत व्हय?"

मोठे डॉक्टरही हसले. शेवटी पुण्याच्या एका छोट्या कंपनीचं साधं, काळ्या-पांढऱ्या स्क्रीनचं सॉफ्टवेअर घेतलं. त्यांनी पंधरा दिवसांत माहेरचं नाव आणि गाव असे दोन रकाने घालून दिले. नंतर श्रीगोंद्याचे डॉक्टर आमचा हा नवा तक्ता मागायला आले. तो कुणी केला, हे मी त्यांना छाती पुढे काढून सांगितलं: शांताबाईंनी.

सुनंदाची माफी मात्र मी मागितली नाही. तिला काही ठाऊकच नव्हतं, आणि सांगायला मला धीर झाला नाही.

सॉफ्टवेअर निवडणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. डेमोला आलेल्या माणसाला त्याने स्वतः भरून आणलेली नावं बाजूला ठेवायला सांगा, आणि आपल्या रेकॉर्ड रूममधले सगळ्यात किचकट केसपेपर त्याच्या पुढ्यात टाका. मार्क त्यानंतर द्या.