पांढरा प्लग, तेलकट सायलेन्सर

निळा धूर सोडत जाणारी जुनी टू-स्ट्रोक मोटारसायकल दिसली की मी अजूनही मान वळवून बघतो. बायको म्हणते, पोलिसातून निवृत्त झालात, आता तरी गाड्यांवर पाळत ठेवणं सोडा. पण मुरुडचं ते प्रकरण मला त्या धुरातच आठवतं.

आगरदांड्याच्या बाजूला एका माळावर तरुण मंडळी मातीतल्या शर्यती लावत. त्यात एका मच्छीमाराचा मुलगा पडला. भर वेगात इंजिन जाम झालं, मागचं चाक अडकलं आणि त्याच्या मांडीचं हाड मोडलं. गाडी जुनी, पण इंजिन नुकतंच नव्यानं बांधलेलं. ते बांधणारा मुरुडमधला गॅरेजवाला म्हणजे मुलाच्या वडिलांचा जुना दोस्त. त्यांच्या बोटीचं इंजिनही तोच बघायचा.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात निनावी फोन आला. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी गॅरेजवाला एकटाच गाडीचा कार्बोरेटर खोलून बसला होता, शर्यतीतल्या विरुद्ध गटानं त्याला फितवलं असणार, अशी खबर. फोन करणाऱ्यानं आम्हाला सांगण्याआधी अख्ख्या गावाला सांगितलं असावं, कारण थोड्याच वेळात वडील फिर्याद द्यायला हजर. येताना ते गॅरेजला स्वतःचं कुलूप ठोकून आले होते. गुन्हा नोंदवा आणि त्याला आत घ्या, एवढंच त्यांचं म्हणणं. मी स्टेशन डायरीला नोंद घेतली आणि आधी गाडी बघू म्हटलं. नुसत्या संशयावर आत टाकलेला माणूस उद्या निर्दोष सुटला तरी त्याच्या दुकानाची पायरी कोणी चढत नाही, हे मी पाहिलेलं होतं.

अलिबागहून मोटार वाहन निरीक्षक आले. पंचांसमोर इंजिन खोललं. पिस्टन कडेनं वितळला होता आणि प्लगचं टोक पांढरं फटक होतं. निरीक्षकांनी समजावलं की कार्बोरेटरमध्ये पितळेचा एक लहान जेट असतो, त्याच्या भोकावर पेट्रोल किती जाणार ते ठरतं. भोक बारीक पडलं की पेट्रोल कमी, हवा जास्त, आणि इंजिन भलतंच तापतं. गॅरेजवाल्यानं पहिल्या जबाबात सांगितलेला जेट मोठा होता, निघाला तो बारीक. म्हणजे तो खोटं बोलला होता. प्रकरण तिथंच संपायचं. पण सायलेन्सरला हात लावला तर तळवा तेलानं काळा झाला. प्लग असा कोरडा ठणठणीत आणि सायलेन्सर मात्र गळतोय, हे काही मला पटेना.

गॅरेजवाल्याला पुन्हा बोलावलं. आवाज न चढवता तो जेट कागदावर त्याच्यासमोर ठेवला. हातानं काम करणाऱ्याला स्वतःचा नग समोर दिसला की गप्प बसवत नाही. त्यानं तो उचलून उजेडात धरला आणि म्हणाला, "बदलला मीच. पन पहिल्यांदाच सांगितलं असतं तर तुम्ही पुढचं ऐकलं असतं काय, साहेब?"

पुढचं असं होतं. त्यानं गाडी पळवून, प्लग काढून, रंग बघून जेट बसवला होता. प्लग चहाच्या रंगाचा आला की जमलं. शेवटच्या संध्याकाळी मात्र गाडी एकाएकी धूर टाकायला आणि अडखळायला लागली. पेट्रोल जास्त जातंय, असं समजून त्यानं बारीक जेट लावला. पण नीट जमलेली गाडी एका दिवसात बिघडली कशानं, हे त्यालाही सांगता येईना.

मी विचारलं, पेट्रोल तेच होतं का? टू-स्ट्रोक इंजिनाला पेट्रोलातच थोडं तेल मिसळून द्यावं लागतं. तसं मिसळलेलं पेट्रोल त्यानंच कॅनमधून मुलाच्या घरी पाठवलं होतं, उरलेलं गॅरेजात होतं. चावी वडिलांकडे, म्हणून त्यांनाच कॅन घेऊन बोलावलं. टाकीतलं पेट्रोल पंचनाम्यात सीलबंद होतं. ते पंचांसमोर उघडून दोन्हींचा एकेक थेंब वर्तमानपत्रावर टाकला आणि पंखा लावला. कॅनच्या थेंबाची जेमतेम खूण उरली. टाकीच्या थेंबानं भज्यांच्या कागदासारखा तेलकट डाग सोडला. निरीक्षक म्हणाले, तेल वाढलं की तेवढं पेट्रोल घटतं. धूर पेट्रोलाचा नव्हताच, तेलाचा होता. त्यावर बारीक जेट लावला आणि पिस्टन गेला.

दारात उभ्या वडिलांना कोणी काही विचारलं नव्हतं.

"तेल मी घातलंय," ते म्हणाले. "बोटीला नवं इंजिन बसवतो तवा आमी तेल सढळ हातानं घालतो. पोराचं इंजिन सुकं राहू नये म्हनून." मग बाकावर बसले. "म्हंजे पोर माझ्यानंच पडलं."

मला त्या माणसाचं फार वाईट वाटलं. गॅरेजवाल्यानं डोळे पुसले आणि म्हणाला, "तू सांगितलं न्हायस, मी इचारलं न्हाय. जेट तर माझ्याच हातानं लागला."

वडिलांनी चावी पुढे केली. गॅरेजवाल्यानं ती घेतली नाही. "तू लावलंस, तूच उघड," म्हणाला. दोघं एकत्रच ठाण्याबाहेर पडले. मी चौकशीचा अहवाल लिहून फाइल बंद केली.

फिर्याद घेताना आम्ही न चुकता विचारतो, तुमचा कोणावर संशय आहे? त्या दिवसापासून मी जोडीला दुसरा प्रश्न विचारू लागलो, काळजीपोटी तुम्ही स्वतः काय काय केलंत? पहिल्या प्रश्नाला लोक चटकन नाव घेतात. दुसऱ्याला जरा थांबतात, आणि माझ्या अनुभवानं बरेच तपास त्या थांबण्यातच लागले.

पुढं बदलीचा हुकूम आल्यावर निरोप घ्यायला गॅरेजकडे गेलो. इंजिन पुन्हा बांधून झालं होतं आणि मुलगा कुबडी बाजूला ठेवून फळीवर बसला होता. वडिलांनी टाकीचं झाकण काढलं, कॅन उचलला, आणि ओतायच्या आधी गॅरेजवाल्याकडे बघून विचारलं, "घालू?"