सूर्यभानची संमती

आमच्या गल्लीतल्या सूर्यभानइतका सहमत माणूस झरीच्या आसपास चार कोसांत सापडायचा नाही. गल्लीच्या बैठकीत विषय पुरता सांगून व्हायच्या आत त्याचा हात वर. एकदा अध्यक्षांनी नुसता घसा खाकरला, तेवढ्यात यानं मंजूर म्हणून टाकलं. अशा माणसाला गाव समंजस म्हणतं. मी लबाड म्हणतो.

उन्हाळ्यात आमच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, तेही तासभर. नळांना जोडलेल्या मोटारी पाणी ओढायला लागल्या की शेवटच्या घरातल्या कडूबाईच्या नळाला नुसती हवा येते. म्हातारी एकटी, गुडघे गेलेले, हापसा ओढ्यापलीकडं. म्हणून नळाला कुणी मोटार जोडायची नाही, असं पारावर एकमतानं ठरलं. टाळ्याही वाजल्या. पुढच्या खेपेला नळ आला आणि पहिली मोटार घुरघुरली ती सूर्यभानची. विचारलं तर म्हणाला, ठरलंय ते बरोबरच हाय, समद्यांनी पाळायला पायजे. त्या समद्यांत तो स्वतः येत नव्हता. मग बाकीच्यांनीही जोडल्या. कडूबाई घागर घेऊन ओढ्याकडं निघाली, ते बघून मला लाज वाटली, कारण माझीही मोटार चालू होती.

पुढच्या बैठकीत तोच ठराव पुन्हा आला. सूर्यभानचा हात वर. कडूबाई मात्र उठून म्हणाली, मला मंजूर नाही. जिच्यासाठी ठराव, तीच विरोधात! अध्यक्षांना चहा थंड होण्याची काळजी लागली.

"सूर्यभान, तू मोटार कामून लावायलास ते सांग आधी," ती म्हणाली. "तुला कुणी इचारलंच न्हाई आजवर."

तो गांगरला. मग हळूहळू बोलला, की त्याचं घर उंचावर, मोटारीशिवाय थेंब चढत नाही. तिथून जे भांडण जुंपलं ते दोन तास. शेवटी सूर्यभानच वैतागून म्हणाला, पहिला अर्धा तास मोटारी बंद, म्हातारीचं भरू द्या, मग लावा. पाव तास पुरे म्हणून मी हट्टाला पेटलो, आणि हरलो. या वेळी टाळ्या वाजवायचं त्राण कुणात उरलं नव्हतं.

परवा नळ आला. सूर्यभानच्या बायकोनं सवयीनं बटण दाबलं, तर त्यानं धावत येऊन बंद केलं. गल्लीत तुम्हीच एकटे शहाणे का, असं तिनं विचारलं.

"गल्लीचं ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "मी शब्द देलाय."

कडूबाईचा रांजण भरेपर्यंत तो मोटारीपाशी राखणीला बसला. मीही माझी लावली नाही. जिथं दोन तास भांडून हरलोय, तिथं आता कुठल्या तोंडानं नाही म्हणणार?