गोठ्याच्या दारापर्यंत येणारी गाडी

आमच्या घराण्यात पदवी घेतलेला पहिला माणूस मी. हे मिरवायला सांगत नाही; म्हणजे थोडं मिरवतोही, कारण ती पदवी मी कोल्हापुरात घरच्या डब्यावर आणि दुसऱ्यांच्या पुस्तकांवर मिळवली आहे. पण सांगायचं कारण वेगळं. बी.एस्सी.चा निकाल लागला आणि त्या दिवसापासून आमचे आबा, म्हणजे माझे वडील, मला 'खुळ्या' म्हणायचे बंद झाले. तोवर दिवसातून दहा वेळा ऐकायचो. "खुळ्या, दावं नीट बांध." "खुळ्या, पाटाचं पाणी बघ की." निकालानंतर चारचौघांत मी 'आमचं मास्तर' झालो आणि घरात मला कसलीच हाक येईना. शिकलेल्या माणसाला आपण काय सांगायचं, असं त्यांच्या मनानं घेतलं. खरं सांगायचं तर मला ते बरंच वाटलं होतं.

आमचं गाव जोतिबाच्या डोंगराच्या पायथ्याला. वारणानगरच्या बाजूला एका हायस्कुलात मला विज्ञान शिकवायची नोकरी लागली आणि येण्याजाण्यासाठी मी एक जुनी मोटारसायकल घेतली. गावात ती पहिली नव्हती, पण आमच्या आळीत पहिलीच. गाडीबरोबर मी एक वही केली. किती किलोमीटर झाले की ऑईल बदलायचं, किती झाले की ब्रेक उघडून साफ करायचे, सगळं ओळी आखून लिहिलं. लोक गाडी बंद पडल्यावर मिस्त्रीकडे जातात, आपण तसं करायचं नाही, हा माझा बाणा. ब्रेकचं काम बारा हजार किलोमीटरना होतं. मीटर साडेअकरा हजारांच्या पुढेमागे होतं. अधूनमधून नजर टाकायचो, अजून बाकी आहे असं म्हणायचो आणि निश्चिंत व्हायचो.

पेट्रोल वाचवायची माझी एक रीत होती. गावात शिरताना उतार आहे. उताराच्या तोंडाला इंजिन बंद करायचं. गाडी आपोआप घरंगळत थेट आमच्या गोठ्याच्या दारात येऊन थांबायची. आवाज न करता गाडी येते याचं शेजारच्या म्हाताऱ्यांना मोठं नवल. फाल्गुनाच्या सुमारास मात्र ती अलीकडेच थांबायला लागली. वाटेत पिंपरणीचं झाड आहे, तिथपर्यंत यायची आणि पुढं मी उतरून ढकलायचो. वारा समोरून असेल, असं मी समजलो. येताना कधी जळका वासही यायचा. कारखान्याचा हंगाम होता, शेतात पाचट पेटवत होते. त्या दिवसांत जळका वास कुठं नव्हता?

आईचा एक नवस राहिला होता. मी पास झालो की मला घेऊन जोतिबाला येईन, असं ती देवाला बोलली होती. एस.टी.त तिला मळमळायचं आणि चढ चढायला गुडघे साथ देत नव्हते. गाडी आल्यापासून तिचं एकच: "डोंगरावर तुझ्या फटफटीवरनंच जाणार." शेवटी एक रविवार ठरला. शनिवारी सकाळपासून तिनं पुरणाची तयारी काढली.

त्या संध्याकाळी मी नेहमीप्रमाणे पिंपरणीपासून गाडी ढकलत आणली. आबा गोठ्याच्या दारात उभे होते. बैलगाडी घरी आली की बैल सोडायच्या आधी चाकाच्या मधल्या लाकडी तुंब्यावर तळहात ठेवायचा, ही त्यांची जन्माची सवय. तुंबा तापला असेल तर वंगण संपलं असं समजायचं. त्यांनी तसाच हात माझ्या गाडीच्या मागच्या चाकाच्या मध्यावर ठेवला आणि झटकन मागं घेतला.

"उद्या तुझ्या आईला ह्येच्यावर न्यायची न्हाय," ते म्हणाले.

किती दिवसांनी त्यांनी मला काही सांगितलं होतं! आणि मी काय म्हणालो? "आबा, ही बैलगाडी नव्हे. ब्रेक लावला की चाक तापणारच."

"मग पुढचं का न्हाय तापलं? त्येला बी ब्रेक हाय न्हवं?"

मी पुढच्या चाकाला हात लावला. थंड होतं. मागच्याला लावला, बोटं भाजली.

"ब्रेकच्या कामाला अजून वेळ आहे. वहीत लिहिलंय सगळं."

"वहीचं मला काय कळतंय? दिवाळीला तू गाडी बंद करून हितं दारात यायचास. आता पिंपरणीपाशी उतरतोस. चाक वढून धरलंय कुणीतरी. बैल असता तर बसला असता."

त्याच आठवड्यात मी नववीच्या वर्गात घर्षण शिकवलं होतं. फळ्यावर आकृती काढून.

आई आतून ओरडली, "आणि म्या डाळ भिजवलीया ती?"

"पोळ्या घरात खाऊ," आबा म्हणाले. "देवाला सांग, फुडच्या ऐतवारी येतो. त्यो काय गावाला चाललाय व्हय?"

रविवारी सकाळी कोल्हापूरच्या मिस्त्रीकडे न्यायला मी गाडी काढली तर आबा फेटा बांधून तयार. "मिस्त्री काय म्हणतोय त्ये मला ऐकायचंय." ते मोटारसायकलवर कधी बसले नव्हते. एका हातानं फेटा, दुसऱ्यानं माझा खांदा असा धरला की कोल्हापूर येईपर्यंत खांदा माझा राहिला नाही. मी इतक्या हळू चालवत होतो की वाटेत एका सायकलवाल्यानं आम्हाला मागं टाकलं. "त्येला जाऊ दे," आबा म्हणाले. निघायच्या आधी मी शिस्तीत मीटरचा आकडा वहीत लिहून घेतला होता.

मिस्त्री स्टँडाच्या मागं बसायचा. पांढरी दाढी, खाकी सदरा, बापजाद्यांपासून लोखंडाचं काम. शुक्रवारी बंद, रविवारी चालू. त्यानं मागचं चाक उचलून हातानं फिरवलं. अर्धा फेरा घेऊन ते थांबलं.

"किती फिरलीय मास्तर?"

मी ऐटीत वही उघडली आणि मीटरवर वाकलो. सकाळी गावात लिहिलेला आकडा आणि कोल्हापुरातला आकडा एकच होता. पुन्हा बघितलं. मग पुन्हा.

"काटा तर हलत होता," मी म्हणालो.

मिस्त्री हसला. "काटा हलतोय, आकडे बसलेत. आकडे फिरवणारं आतलं दातेरी चाक झिजलंय. कवापासनं, अल्लाला ठाऊक."

मला मात्र ठाऊक होतं. दिवाळीपासून बघत होतो तो हाच आकडा. मीटरकडे बघून ज्या ज्या वेळी मी निश्चिंत झालो होतो, त्या सगळ्या वेळा एकदम आठवल्या. बारा हजार केव्हाच होऊन गेले होते.

त्यानं चाक खोललं. आतून काळी भुकटी सांडली. ब्रेकच्या पट्ट्या झिजून कागदासारख्या झाल्या होत्या, त्या जखडणाऱ्या रिबिटांची डोकी वर आली होती. पट्ट्या पसरवणारी लोखंडी खुंटी वंगणावाचून गंजून अडकली होती. ब्रेक दाबला की धरायचा, सोडला तरी सोडायचा नाही. मग तापायचा, आणि तापत राहिला की धरायचाही नाही.

"घाटबिट चढणार होता का कुठला?" मिस्त्रीनं विचारलं.

"जोतिबा. आज. आईला घेऊन."

त्यानं पाना खाली ठेवला. "चढला असता आरामात. उतरताना देवालाच ब्रेक दाबायला लागला असता." मग आबांकडे वळून, "पावणं, बसा की. कुणी वळखलं ह्ये?"

"त्येनंच," आबा म्हणाले आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "शिकलाय त्यो."

मिस्त्रीनं माझ्याकडे बघितलं. बापानं चारचौघांत राखलेला मान घेऊन गप्प बसणं मला सोपं होतं. पण राहवलं नाही. "मी नाही. आबांनी हात लावून ओळखलं. मी वही दाखवत होतो."

"हां!" मिस्त्री खूश झाला. "शिकलेली माणसं गाडी वाजायला लागली की येत्यात, न शिकलेली बंद पडल्यावर. तापल्यावर येणारं तुमी पयलंच. चा घेणार न्हवं?"

आम्ही बाकड्यावर बसलो. चहाचा कप हातात आला आणि तो मी तसाच धरून बसलो. घाटातलं दुसरं वळण मला दिसत होतं. मागं आई, तिच्या मांडीवर नैवेद्याचं गाठोडं, आणि पायाखाली नुसताच दबणारा ब्रेक. आबांनी माझ्या हातातला भरलेला कप बघितला. "बशीत वत," म्हणाले. मी बशीत ओतून प्यालो. तो चहा मला अजून आठवतो. इतका गोड चहा मी एरवी घेतला नसता, पण त्या दिवशी दुसरा मागून घेतला. आई घरात होती, चुलीपुढं बसून आम्हा दोघांना शिव्या देत असेल, आणि ते किती बरं होतं!

पुढच्या रविवारी आम्ही डोंगरावर गेलो. दर्शन झालं, नैवेद्य झाला, आईच्या केसांत आणि माझ्या कानात गुलाल. उतरताना पहिल्या गिअरात, बेतानं. अर्ध्या घाटात मी गाडी थांबवली आणि वाकून मागच्या चाकाला हात लावला. कोमट होतं, हात ठेवून राहता येईल इतपत.

"काय रं," आई म्हणाली, "देवाच्या पाया पडून झालं, आता चाकाच्या पडतोस व्हय?"

"तुला काय कळतंय," मी म्हणालो आणि मोठ्यानं हसलो. तीही हसली. कशाला ते तिला कळलं नसावं.

गावच्या उताराच्या तोंडाला मी इंजिन बंद केलं. पिंपरण आली आणि मागं गेली. गाडी आवाज न करता थेट गोठ्याच्या दारात येऊन थांबली. आबा तिथंच होते, तास दीड तास उभे असावेत. आधी आईकडे बघितलं, मग वाकून दोन्ही चाकांना आळीपाळीनं तळहात लावला. ठीक आहे म्हणतील म्हणून मी वाट बघत राहिलो. ते तसेच वाकून काहीतरी चाचपत होते.

"खुळ्या," ते म्हणाले, "चेन ढिली हाय की!"

"व्हय आबा," मी म्हणालो आणि पाना आणायला आत गेलो.