कोनापुरे अण्णांचं टपाली मत

सात रस्त्याजवळच्या एका सरकारी कचेरीत चन्नवीर कोनापुरे कारकून होते. सगळे त्यांना अण्णा म्हणत. बावन्न सालापासून एकही निवडणूक अण्णांवाचून पार पडली नाही, आणि एकाही निवडणुकीत अण्णांनी मत दिलं नाही. ड्यूटी लागायची ती नेमकी परगावी. त्यांची बायको शांतम्मा शाई लागलेलं बोट नाचवून म्हणायची, "सगळ्या गावाची लग्नं लावली, आन् सवता बिनलग्नाचंच की वो!"

अठ्ठ्याहत्तर साली अण्णांनी चंग बांधला. टपाली मतपत्रिका मागवली, दार लावून खूण केली, सोबतच्या प्रतिज्ञापत्रावर सही ठोकली, आबासाहेब या आपल्या साहेबांची साक्षीची सही घेतली आणि पाकीट धाडून दिलं. शांतम्माला तीनदा सांगितलं, "या खेपेला दिलं बरं का."

मोजणीच्या सकाळी टपाली पाकिटं तपासायला अण्णाच. तिसरं पाकीट कुंडलिक मास्तरांचं. सही होती, साक्ष होती, तारीख नव्हती.

"तेवढ्यासाठी मास्तरला बाद करता व्हय?" उमेदवाराचा माणूस मल्लप्पा म्हणाला. "पाकीट येळंत आलंय, मास्तर जित्ता हाय. आणि काय पायजे?"

"बिनतारखेचा कागद म्हंजे बिनदोरीचा पोहरा. कुटं जाऊन पडंल सांगता येत न्हाय."

"जाऊ द्या की, कोनापुरे," आबासाहेब म्हणाले. अण्णा कसले ऐकतात! मास्तर बाद.

आता अण्णांची एक खोड सांगायला हवी. कागद कुठलाही असो, सही झोकात करायची आणि तारखेची जागा कोरी सोडायची. पुढं निकड पडेल तशी सोयीची तारीख घालता येते. सव्वीस वर्षांत रजेच्या एकाही अर्जावर त्यांनी आधी तारीख घातली नव्हती. हाताला वळणच ते.

सातवं पाकीट उघडलं. सही झोकदार. साक्ष आबासाहेबांची. तारखेची जागा धुतल्या पाटीसारखी.

अण्णांच्या खिशात पेन होतं. साहेब चहात होते, मल्लप्पा पानाला चुना लावत होता. अण्णांनी पेन काढलं, टोपण काढलं, आणि शेजारी पडलेल्या मास्तरांच्या पाकिटाकडं बघत बसले. मग टोपण परत लावलं.

"कुणाचं वो?" मल्लप्पानं मान वर केली.

"हाय एका शाण्याचं," म्हणत अण्णांनी ते मास्तरांच्या पाकिटावर ठेवलं.

घरी शांतम्मानं ताट मांडता मांडता विचारलं, "मग? मोजलं का तुमचं मत?"

"मोजलं की," अण्णा भाकरी मोडत म्हणाले. "बादमधी. मास्तरांच्या वर."