कॉम्प्युटरला हात लावायचा नाही

बी.एड.च्या दोन वर्षांत मी जर्नलमध्ये कॉम्प्युटरची चित्रं सुरेख काढायला शिकले. मॉनिटर, माऊस, कीबोर्ड. कीबोर्डच्या प्रत्येक चौकटीत पेन्सिलनं कोरलेलं अक्षर. खरे दहा कॉम्प्युटर लॅबमध्ये होते, आधीच्या बॅचनं कार्यानुभवाच्या तासाला शिवलेल्या खोळींखाली. खोळींवर मोर भरले होते आणि दाराला कुलूप होतं.

शिक्षकभरतीची परीक्षा नागपूरला, कॉम्प्युटरवर होणार होती. बाबा कुरखेड्याकडे धान पिकवतात. घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच, त्यामुळे ‘पोरगी मास्तरीण होऊन राह्यली’ असं ते गावभर सांगून बसले होते. मोबाईल मला चांगला येत होता. माऊस कधी धरला नव्हता.

मी कॉम्प्युटरच्या सरांकडे गेले.

“सर, एक तास लॅब उघडून द्या ना.”

“जर्नल झालं काय?”

“झालं. तुमची सहीपण झाली.”

“मंग आणखी काय पाह्यजे?”

माझ्यासोबत आलेली वर्गमैत्रीण दोन लेकरांची आई होती, ती कुणाला भीत नसे. “रोवणीचं चित्र काढून धान होते काय, सर?”

“एखादं बिघडलं त जवाब मले द्या लागते, बाई. तुमाले नाई.”

त्यांची भीती खोटी नव्हती. तरी मला चीड यायची. महिनाभर मी विचारत राहिले, ते जर्नलबद्दलच बोलत राहिले.

मग कॉलेजची तपासणी आली. खोळी निघाल्या, कॉम्प्युटर सुरू झाले आणि आम्हाला एकेकासमोर बसवून सरांनी बजावलं, “हात मांडीवर. कोणी काही दाबाचं नाई.”

तपासणीच्या मॅडम माझ्याजवळ थांबल्या. सरांनी लगेच माझं जर्नल पुढे केलं.

“किती सुबक!” मॅडम म्हणाल्या.

मला राहवलं नाही. “मॅडम, हे मी फक्त काढलंय. वापरलं कधीच नाही. परीक्षा पुढच्या महिन्यात आहे.”

मॅडमनी सरांकडे पाहिलं. “यांना रोज बसवा.” आणि त्या चहाला गेल्या.

सरांनी बसवलं, हे सांगितलंच पाहिजे. स्वतःची जेवणाची सुट्टी त्यांनी आमच्यासाठी मोडली. पण निम्मे दिवस विजेची लाईन नसायची. असली की ते पाठीशी उभे: “हळू दाब! हळू!” बाण पडद्यावर भलतीकडेच पळायचा.

नागपूरला पहिल्याच प्रश्नाला मी सवयीनं पडद्यावर बोट टेकवलं. पर्यवेक्षक ओरडले. मग माऊस धरला. उत्तर माहीत असायचं, बाण तिथे पोचायचा नाही. वेळ संपली तेव्हा बरेच प्रश्न उघडायचेच राहिले होते.

यादीत माझं नाव आलं नाही. बाबांनी बांधावरूनच विचारलं, “प्रश्न लय कठीण होते काय वो?”

“नाई बाबा,” मी म्हटलं. “सोपे होते.”