रायफलीचं कुंकू
तिळाच्या तेलाचा वास आला की स्वातंत्र्यानंतरच्या वर्षांतलं आमचं कळव्याचं, मिठागराकाठचं घर आठवतं. त्या खाऱ्या हवेत विळेसुद्धा गंजायचे, पण आजोबांना पलटणीत बक्षीस मिळालेली रायफल आई तेल लावून लखलखीत ठेवायची. बाबा गेल्यावरच्या पहिल्या दसऱ्याला ती रायफलीसाठी कुंकू कालवायला बसली, पाण्यानं गंज धरेल म्हणून तेलातच. काका म्हणाले, "वहिनी, आता तुमच्या हातनं कुंकू नको." आई म्हणाली, "वर्षभर तेल ह्याच हातानं लागतं ना? मग कुंकूपण ह्याच हातानं लागेल." तिनं बोट टेकवलं आणि काकांनी गुमान आपट्याची पानं वाहिली. आता रायफल माझ्याकडे आहे. माझंही कपाळ मोकळं झालंय, पण दसऱ्याला तेलात कुंकू मीच कालवते.