गोठ्यामागची कोळीण

जावयाने वर्षभर जपलेली वस्तू मी एका सकाळी शेणकाल्याखाली गाडली. तेव्हा मी पंचेचाळिशीची होते, म्हणजे अक्कल येऊन जुनी व्हायचं वय. माझी वाटेत कुठं अडली होती देव जाणे.

जावयांचं माजलगावला कापडाचं दुकान. शिक्षण बारावी, नाद कोळ्यांचा, आठ पायांच्या. घाटनांदूरजवळ आमच्याकडं आले की गोठ्यामागच्या मातीच्या बांधापुढं पालथे पडून राहायचे. शेजारीण विचारायची, "जावई कावून आडवे झालेत वो? रुसले का?" मी म्हणायचे, "कंबर धरली." दर खेपेला कंबर.

त्या दिवाळीला त्यांचा निरोप आला, पुण्याचे एक अभ्यासक संगं येतेत, आपल्याकडचं बघायला. मला वाटलं, घर बघायला. अंगण सारवलं, ओटा सारवला, आणि पाहुणे मागं गेले तर म्हणून बांधही सारवला. बांध कोण सारवतं? मी. वर बोटांनी नक्षी काढली.

दुपारी दोघं आले. जावई बांध बघून मटकन खाली बसले. "मामी, इथं तिचं दार होतं."

मग कळलं. मातीत बीळ करून त्याला मातीचंच झाकण लावणारी कोळीण. ही जात आजवर कुणी नोंदलेली नसावी असा दोघांना संशय, आणि सापडलेलं बीळ हे एकच.

"कोळीच ना? माळ्यावरून धा काढून देते," मी म्हणाले. कुणी हसलं न्हाई.

पाहुणे म्हणाले, उकरायचं नाही, थांबू. मी चहा तिथंच नेला आणि तिथंच बसले.

दिवेलागणीला शेण हललं. नखाएवढी चीर पडली. करंजीवर कातणं फिरवावं तशी ती हळूहळू गोल फिरली, आणि माझ्या नक्षीची दोन बोटं घेऊन एक चकती वर उचलली गेली. खाली दोन केसाळ पाय. आत भिंतींना पांढरं रेशमी अस्तर, कुठं सुरकुती न्हाई. उभा जन्म मी जळमटं झाडण्यात घातला, पण असं मऊसूत काम माझ्या हातानं कधी झालं न्हाई.

पाहुणे हळूच म्हणाले, यांच्या माद्या एकाच बिळात पंधरा-वीस वर्षंही काढतात. मी मनात मागं मागं गेले. माझी लेक शाळेत जात होती तेव्हाही ही इथं असेल. आणि मी रोज शेणाची पाटी घेऊन तिच्या दारावरून जात होते.

पुढं दोन वर्षांनी, पावसानंतर, जावयांना तिथंच नर मिळाला, जात पक्की करायला तोच लागतो म्हणे, आणि मग जात नवी ठरली. पण त्या संध्याकाळी यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी हात जोडून म्हणाले, "चुकलं माझं, जावईबापू."

त्यांनी झाकणावरची नजर काढली न्हाई. म्हणाले, "माझी माफी कावून मागता, मामी? मी दोन वर्सांचा जावई. ती या घरात माझ्या आधीपासून हाय."